निजामाची सरहद्द गेली, मग फरक कुठून येतो?

चौसाळा हे बीड तालुक्यातलं, सोलापूर–धुळे महामार्गावरचं गाव. उत्तरेला मांजरसुंबा आणि पुढे बीड. दक्षिणेला मांजरा ओलांडली की पारगाव, म्हणजे धाराशिव जिल्हा. पश्चिमेला आडरस्त्याने निघालं की खर्डा लागतं, ते जामखेड तालुक्यातलं, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातलं. (या भागात अजून सगळे नगरच म्हणतात, म्हणून पुढे तेच नाव वापरलं आहे.) तिन्हीकडे रान सारखं आहे. बालाघाटाचा माळ, ज्वारी, तूर, अलीकडे सोयाबीन, आणि बोअरला पाणी लागेल की नाही ही धाकधूक. सोयरिकी आरपार आहेत. चौसाळ्याची लेक जामखेडला दिलेली असते आणि बार्शीची सून इकडे आलेली असते.

तरीही एक कोडं आहे. चौसाळ्याच्या शिवारात कुळाचा वाद निघाला तर तहसीलदारापुढे १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम येतो. तसाच वाद खर्ड्याच्या शिवारात निघाला तर १९४८ चा, मुंबई प्रांताचा कायदा लागतो. हैदराबाद संस्थान संपून पाऊणशे वर्षं उलटली, मुंबई प्रांतही राहिला नाही. मग सकाळी जाऊन दुपारी परत येता येईल एवढ्या अंतरावर दोन कायदे कसे?

दुसरं कोडं त्याहून ठसठशीत आहे. नगरला रेल्वे १८७८ मध्ये आली, दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला तेव्हा. बीड शहरातून पहिली प्रवासी गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. शेजारच्या दोन जिल्ह्यांच्या मुख्य ठिकाणांत एकशे सत्तेचाळीस वर्षांचं अंतर पडलं.

हे फरक माणसांच्या स्वभावातून आले, इकडचे आळशी आणि तिकडचे उद्यमी, असं बोललं जातं. मला ते साफ चुकीचं वाटतं. दोन शेजारी प्रदेशांचं नातं कसं घडतं, हे चौसाळ्यासारख्या कडेच्या गावातून पाहिलं की त्यामागची यंत्रणा पायरीपायरीने उलगडते.

सरहद्द पडली कशी

दोन राज्यांच्या मध्ये डोंगर किंवा नदी असेल आणि तिथेच सीमा पडली असेल, असं आपल्याला वाटतं. या भागात तसं झालं नाही. अठराव्या शतकात इथे निजाम आणि पेशवे या दोन सत्ता एकाच मुलखावर हक्क सांगत होत्या. पालखेडला बाजीरावांनी निजामाला कोंडीत पकडलं आणि ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. त्यात निजामाने चौथाई आणि सरदेशमुखीचा हक्क मान्य केला. म्हणजे मुलूख निजामाचा, पण त्याच्या महसुलातला ठरावीक वाटा मराठ्यांचा. एकाच गावात दोन सत्तांचे वसुलदार येत.

पुढच्या लढायाही याच पट्ट्यात झाल्या. १० ऑगस्ट १७६३ ला गोदावरीकाठी राक्षसभुवनला थोरल्या माधवरावांनी निजामाचा पराभव केला. ते ठिकाण आजच्या बीड जिल्ह्यातच आहे. ११ मार्च १७९५ ला खर्ड्याला मराठे सरदार शेवटचे एकत्र येऊन लढले आणि जिंकले. ही लढाई मराठी मनात पक्की बसली आहे, पण तिथला भुईकोट कोणाचा होता हे फारसं सांगितलं जात नाही. तो निंबाळकरांचा, आणि हे निंबाळकर घराणं निजामाच्या पदरी होतं. सरदार मराठा, धनी निजाम, आणि किल्ल्यासमोर निजामाशी लढायला आलेली मराठ्यांची फौज. आज आपण ज्या सोप्या बाजू पाडतो, त्या त्या काळात नव्हत्या.

तहाबरहुकूम गावं इकडून तिकडे जात, कधी परतही येत. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा पेशव्यांकडची गावं इंग्रजांकडे गेली आणि निजामाकडची निजामाकडे राहिली. त्यामुळे सरहद्द ठरली ती कोणत्या गावाचा महसूल त्या घडीला कोणाच्या खात्यावर होता, यावर. जामखेड भागात इंग्रजांची आणि निजामाची गावं म्हणूनच एकमेकांत गुंतलेली होती. बार्शी तालुका तर तीन बाजूंनी निजामाच्या मुलखाने वेढलेला होता.

मांजरेपलीकडची हकीकत आणखी वेगळी. १८५३ च्या तहाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही इंग्रजांनी आपल्या कारभारात घेतला. फिलिप मेडोज टेलर हा ठगांवरच्या कादंबरीमुळे गाजलेला लेखक-अधिकारी तेव्हा नळदुर्गला कारभार पाहत होता. १८६० मध्ये हा भाग निजामाला परत मिळाला, पण वऱ्हाड इंग्रजांनी ठेवून घेतलं. त्या एका निर्णयामुळे वऱ्हाडाची आणि मराठवाड्याची वाट कायमची वेगळी झाली.

दोन बाजूंना काय उभं राहिलं

सरहद्द ही नुसती रेघ असती तर ती पुसल्यावर विषय संपला असता. पण शेतातल्या बांधाचं जे होतं, तेच इथे झालं. दोन भावांनी बांध घातला आणि चाळीस वर्षं एकाने आपल्या बाजूला विहीर पाडली, शेणखत घातलं, दुसऱ्याच्या वाट्याला मालक लांब राहणारा आणि रान पडीक, असं झालं. तर पुढे बांध मोडून एकच नांगर फिरवला तरी पिकात ती ओळ दिसत राहते.

इथे विहिरीच्या जागी धरणं, रेल्वे, शाळा आणि दप्तरं ठेवा.

धरणांपासून सुरुवात करू. १८७६–७७ च्या आणि नंतर १८९९ च्या दुष्काळात इंग्रज सरकारचा मदतकार्यावर मोठा खर्च झाला. दुष्काळी मुलखात कालवे काढले तर हा खर्च वाचेल आणि पाणीपट्टीही मिळेल, हा त्यांचा हिशेब होता. त्यातून नाशिकमध्ये दारणा आणि नगरमध्ये प्रवरेवर भंडारदरा अशी धरणं झाली. दारणा १९१६ चं, भंडारदरा १९२६ चं. गोदावरीचे आणि प्रवरेचे कालवे निघाले, कालव्यावर ऊस आला, उसावर १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कारखान्यामागून बँका, शाळा, दवाखाने आले आणि निवडून येणारे आमदारही आले.

निजामानेही धरण बांधलं आणि तेही मोठं. तेसुद्धा मांजरेवर, जी पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते आणि चौसाळ्याच्या दक्षिणेकडून पूर्वेला जाते. पण ते निजामसागर १९२३ ते १९३१ या काळात झालं आजच्या तेलंगणात, निजामाबादजवळ, शेकडो किलोमीटर खाली. उगमाकडच्या लोकांना याच नदीवर मोठं धरण मिळायला स्वातंत्र्यानंतरची तीनेक दशकं जावी लागली. केज तालुक्यातल्या धनेगावचं ते धरण.

यात कोणाचा द्वेष नव्हता. प्रत्येक राज्य आपल्या राजधानीकडे पाहून पैसा खर्च करतं. मुंबईहून पाहिलं तर जामखेड टोकाला होतं, हैदराबादहून पाहिलं तर बीड टोकाला. रेल्वेचंही हेच. निजामाची रेल्वे हैदराबादहून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला गेली. इंग्रजांची दौंडवरून नगर करत त्याच मनमाडला गेली. दोन्ही मार्गांच्या मधोमध बीड राहिलं, आणि ते कोणाच्याच वाटेवर नव्हतं.

शाळांचा फरक सर्वांत खोल गेला. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. हैदराबादचं उस्मानिया १९१८ चं आणि तिथे शिक्षण उर्दूतून. संस्थानात कचेरीची भाषाही उर्दू. सभा घ्यायची तर परवानगी लागे. गश्ती क्रमांक ५३ हे त्या बंदीचं नाव जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत होतं. मराठी बोलणाऱ्या, घरी उर्दू नसलेल्या शेतकऱ्याच्या पोराला नोकरीच्या पहिल्या पायरीवरच अडखळायला होई. त्यावर लोकांनी स्वतः उपाय शोधला. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ मध्ये निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत आले आणि तिथून एक पिढी घडली.

शेजाऱ्याने दिलेला हात

कागदावरची सीमा कडक होती. हद्दीवर जकात घेणारे करोडगिरीचे नाके होते. नाणंही वेगळं: संस्थानात हाली रुपया, पलीकडे कलदार, आणि साधारण सात हालीला सहा कलदार असा दर. शेतकरी माल घेऊन निघाला की नाक्यावर जकात आणि पलीकडे गेल्यावर रुपयाचा हिशेब, अशा दोन कटकटी.

तरी माल जात राहिला, कारण पेठ पलीकडे होती. बार्शी हे निजामाच्या मुलखात घुसलेलं इंग्रजी गाव, म्हणून चहूबाजूंचं धान्य आणि कापूस तिथे उतरे. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे आली, आणि १९११ मध्ये ती थेट निजामाच्या हद्दीतल्या लातूरपर्यंत गेली. लातूरची पेठ त्या छोट्या गाडीने उभी केली. लातूर वाढलं आणि बीड मागे राहिलं, याचं एक मोठं कारण एवढं साधं आहे: शेजारच्या राज्याचे रूळ एका गावापर्यंत पोचले आणि दुसऱ्यापर्यंत पोचले नाहीत.

शिक्षणातही शेजारी धावून आले. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हणण्यावरून उस्मानिया विद्यापीठातून आणि संस्थानातल्या इतर कॉलेजांतून शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले. त्यांना नागपूर विद्यापीठाने दार उघडलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. आणि १९४७–४८ मध्ये रझाकारांच्या जुलमाने गावं उठली तेव्हा माणसं बार्शीकडे, नगरकडे, सोलापूरकडे गेली. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे सशस्त्र कॅम्प सरहद्दीच्या पलीकडच्या गावांतच उभे राहिले, कारण तिथे निजामाचे पोलीस येऊ शकत नव्हते. ज्या रेषेने माणसांना तोडलं होतं, तीच त्या वर्षी आडोसा झाली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला.

पालखीच्या वाटेवर

राजकारणाच्या आधीपासून आणि राजकारणाला न विचारता चाललेली एक देवघेव आहे. नाथांची पालखी पैठणहून निघते ती शेवगाव-पाथर्डीच्या शिवारातून रायमोहा, पाटोदा, मग दिघोळ, खर्डा, तिथून परांडा आणि पुढे माढा तालुक्यातून पंढरपूरला जाते. जुना नकाशा घेऊन या वाटेवर बोट फिरवून पाहा. पैठण निजामाचं, शेवगाव-पाथर्डी इंग्रजांचं, पाटोदा निजामाचं, खर्डा इंग्रजांचं, परांडा पुन्हा निजामाचं, माढा पुन्हा इंग्रजांचं. एका वारीत दोन सरकारांच्या हद्दी इतक्या वेळा ओलांडल्या जात. मुक्ताबाईंची पालखी खान्देशातून बीडमार्गे भूमकडे जाते, तीही प्रांतांच्या रेषा मोजत नाही.

तुळजापूर निजामाच्या मुलखात होतं, पण तुळजाभवानी सातारा, पुणे, नगरच्या असंख्य घरांची कुलदेवता. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाची पालखी येते नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून.

चौसाळ्याच्या जवळचं उदाहरण कपिलधारचं. मांजरसुंब्याजवळच्या दरीत मन्मथस्वामींची समाधी आहे. स्वामी वीरशैव, आणि त्यांचा ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठीत. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्याबरोबरच कर्नाटक आणि तेलंगणातूनही दिंड्या येतात. कन्नड आणि तेलुगू बोलणारी माणसं मराठी ग्रंथाच्या कर्त्याला भेटायला बालाघाटात उतरतात.

संस्कृतीचं बळ मोठं आहे, पण तिच्याकडून नको ती अपेक्षा करू नये. वारी एकत्र चालली म्हणून कालव्याचं पाणी वाटलं जात नाही. नात्याने भांडणाची धार कमी होते, भांडणाचं कारण मिटत नाही. कारण मिटवायला नियम लागतो आणि नियम करणं हे राजकारणाचं काम आहे.

करार झाला, मग काय झालं

१९५३ मध्ये राज्यांच्या पुनर्रचनेची चर्चा सुरू असताना पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाड्याच्या नेत्यांनी २८ सप्टेंबरला नागपूर करार केला. निधी, नोकऱ्या आणि उच्च शिक्षणाच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात द्याव्यात आणि मराठवाड्याकडे खास लक्ष द्यावं, असं त्यात ठरलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. शेजारी आता एका घरात आले.

मात्र दोघांची सुरुवात एका रेषेवरून नव्हती. ज्याच्याकडे कालवा आहे तो ऊस लावतो, ऊस आहे म्हणून कारखाना मागतो, कारखाना आहे म्हणून रस्ता मागतो. आणि त्याची मागणी रास्तच दिसते, कारण खर्चाचा परतावा तिथे लगेच मिळतो. ज्याच्याकडे काही नाही त्याच्या मागणीला ‘व्यवहार्य नाही’ हा शेरा पडतो. कोणी वाईट न वागताही अंतर वाढत जातं. १९७४ मध्ये वसमतला विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि मराठवाडा विकास आंदोलन पेटलं, ते या साचलेल्या अंतरावर.

१९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने पहिल्यांदा हे अंतर मोजलं. पद्धत सोपी होती. रस्ते, सिंचन, शाळा, वीज अशा प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा तिच्याखाली असेल त्याला सरासरीपर्यंत आणायला लागणारा पैसा म्हणजे त्याचा अनुशेष. १९८४ च्या अहवालात हा आकडा सुमारे ३,१८६ कोटी रुपये आला. घटनेच्या ३७१(२) या कलमात वैधानिक विकास मंडळांची तरतूद १९५६ पासून होती. मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली.

मराठवाड्याने मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण. मग अनुशेष का राहिला, असा टोमणा नेहमी ऐकू येतो. माझं उत्तर असं की खुर्चीवर कोण बसलं याने पाच वर्षांचा कल बदलतो, शंभर वर्षांपूर्वी खोदलेला कालवा बदलत नाही. शिवाय राजकीय सीमाही स्थिर नसतात. चौसाळा हा कितीतरी वर्षं स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता; २००८ च्या पुनर्रचनेत तो गेला. विधानसभेत गावाच्या नावाचा आमदार असण्याचं एक वजन असतं, ते त्या दिवशी संपलं.

चौकट: तारखांच्या ओळीत

१७२८ – मुंगी-शेवगावचा तह. एका मुलखावर दोन सत्तांचा हक्क
१८१८ – पेशवाई संपली. सरहद्द आता इंग्रज आणि निजाम यांच्यात
१८७८ – नगरला रेल्वे
१९२६ – भंडारदरा धरण
१९४८ – हैदराबादचं विलीनीकरण
१९५३ – नागपूर करार
१९६० – महाराष्ट्र राज्य
१९७६ – जायकवाडी धरणाचं लोकार्पण
२००५ – पाण्याच्या समन्यायी वाटपाचा कायदा
२०२५ – बीडला रेल्वे

वरचं धरण, खालचं धरण

आजचं सर्वांत कडवं भांडण गोदावरीचं. पैठणच्या जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली, लोकार्पण १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी. चौसाळ्याला हे पाणी येत नाही, कारण बीड जिल्हाच तीन खोऱ्यांत वाटलेला आहे. उत्तरेकडचं पाणी सिंदफणेतून गोदावरीला, दक्षिणेकडचं मांजरेला, आष्टीकडचं सीनेतून भीमेला. पण जायकवाडीचा उजवा कालवा माजलगाव धरणाला पाणी देतो आणि बीड शहराची तहान माजलगाववर आहे. म्हणून नाशिक-नगरमध्ये काय अडलं, याचा परिणाम चौसाळ्याच्या तालुक्याच्या गावी नळाला दिसतो.

घोटाळा असा. जायकवाडीचा उपयुक्त साठा ७६ टीएमसीच्या वर. (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३१ कोटी लिटर.) हे धरण भरेल असं ज्या पावसाच्या हिशेबावर ठरलं, त्याच पावसावर वरच्या बाजूची जुनी-नवी धरणंही भरायची आहेत. सह्याद्रीचा पाऊस आधी वर अडतो. चांगल्या वर्षी सांडव्यावरून सगळ्यांना मिळतं. तुटीच्या वर्षी वरची धरणं भरलेली आणि पैठण कोरडं.

२००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने तत्त्व घातलं: एका खोऱ्यातल्या धरणांनी तूट वाटून घ्यावी. हे प्रत्यक्षात कसं करायचं ते २०१३ च्या मेंढेगिरी समितीने मांडलं, प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ ला आदेश दिला आणि मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१६ ला तो उचलून धरला. सारांश असा की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं. २०२३ मध्ये असाच ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. तेव्हा नगर-नाशिकचे शेतकरी रस्त्यावर आले आणि मराठवाड्याचेही.

नगरच्या शेतकऱ्याची बाजू समजून घ्यावी लागेल. त्याच्या आजोबाने कालव्याच्या भरवशावर ऊस लावला. त्याच्या लेखी ते पाणी वडिलोपार्जित आहे. आणि ‘नगर’ ही एक गोष्टही नाही. उत्तरेचं राहाता-श्रीरामपूर कालव्याखाली, तर दक्षिणेचं जामखेड, कर्जत, पाथर्डी आपल्यासारखंच कोरडं. चौसाळा आणि खर्डा यांच्यात पाण्यावरून भांडण असायचं कारणच नाही. दोघंही रांगेत मागेच उभे आहेत. ‘पश्चिम महाराष्ट्र विरुद्ध मराठवाडा’ असं म्हटलं की हा फरक झाकला जातो.

शेजारी देतोही. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटलं तेव्हा मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून कृष्णेचं पाणी लातूरला आलं, तीनशेहून अधिक किलोमीटरवरून.

कोयता कुठे जातो

पाणी न आल्यामुळे माणसं पाण्याकडे जातात. दिवाळी उरकली की चौसाळ्याच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून ट्रॅक्टर भरू लागतात. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, पिठाचा डबा, सरपण, एखादी शेळी, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, वर बाया-पोरं. कोल्हापूर, सांगली, सातारा, नगर, सोलापूर, कधी कर्नाटकात बेळगावकडे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उन्हाळ्या-पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते, म्हणून हंगामाचा पट्टा पडेपर्यंत परतायचं नाही.

हे नातं जुळलं ते दोन वेळापत्रकांमुळे. तिकडे ऊस तोडणीला येतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, आणि नेमकं तेव्हाच इकडच्या कोरडवाहू रानात खरीप निघालेलं असतं आणि रब्बीला पाणी नसतं. तिकडचं कामाचं शिखर आणि इकडची रिकामी ओंजळ एकाच महिन्यात येते. त्यामुळे साखरेच्या पट्ट्याला बीडची माणसं हवी असतात आणि बीडला तो पट्टा. पण दोघांच्या हातात सारखं बळ नाही. तोडणीचा दर लवादात ठरतो. साखर कारखानदारीच्या बाजूने शरद पवार आणि मजुरांच्या बाजूने आधी गोपीनाथ मुंडे, नंतर पंकजा मुंडे. जानेवारी २०२४ मध्ये दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. ती मोठीच होती, पण फडावरच्या बाईच्या बाळंतपणाची रजा, गर्भाशय काढून टाकण्याची तिच्यावर आलेली वेळ, पोरांची बुडालेली शाळा यांचा हिशेब टनामागच्या दरात बसत नाही. प्रदेशांचं नातं म्हणतात ते शेवटी या बाईच्या अंगावर पडतं, हे लिहिताना राग येतो आणि तो यावा.

दप्तर कोणाचं

शेवटची यंत्रणा सर्वांत शांत आहे, ती म्हणजे कागद. निजामाच्या आणि इंग्रजांच्या महसूल खात्यांनी माणसं आणि जमिनी वेगवेगळ्या पद्धतीने नोंदल्या. म्हणून कुळकायदे वेगळे राहिले, मदतमाश-खिदमतमाश इनामांचे वाद फक्त इकडेच राहिले. म्हणूनच २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती निजामकाळातल्या उर्दू आणि मोडी दप्तरांत कुणबी नोंदी शोधते आहे, आणि २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय हैदराबाद गॅझेटचा आधार घेतो. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू काहीही असो, एवढं दिसतं की सोयरिकीने बांधलेल्या दोन घरांना दोन राजवटींच्या कारकुनांनी वेगळ्या रकान्यांत घातलं होतं आणि त्याचा परिणाम आज कॉलेजच्या प्रवेशापर्यंत येतो.

हे जगात इतरत्रही घडलं आहे. पोलंडची प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशियाने वाटणी केली होती. १९१८ मध्ये देश पुन्हा एक झाला. तरी रेल्वेचा नकाशा पाहिला तर जुन्या प्रशियाच्या भागातलं रुळांचं दाट जाळं अजून ओळखू येतं.

मग करायचं काय

मराठवाड्याच्या मागासपणाचं खापर निजामावर फोडून थांबणं सोपं आहे. निजाम जाऊन जितकी वर्षं झाली, त्याच्या निम्म्या वर्षांत भंडारदऱ्याच्या एका धरणाने नगरचा उत्तर भाग बदलून टाकला होता. म्हणजे जुनी रेष बदलता येते. ज्यांनी बदलली नाही त्यांचीही जबाबदारी आहे, त्यात आपले स्वतःचे पुढारी आले.

येत्या १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा किती टक्के आहे, तो आकडा जलसंपदा विभागाकडून मागून घ्या आणि आपल्या गावात फळ्यावर लिहा. तो ६५ च्या खाली असेल तर कायद्याप्रमाणे पाणी सुटलं का, ते आपल्या आमदाराला लेखी विचारा. त्याच पत्रात दुसरी ओळ घाला: वैधानिक विकास मंडळ २०२० पासून बंद आहे, ते कधी सुरू होणार? आणि जामखेडच्या सोयऱ्यालाही त्याच्या आमदाराला तसंच पत्र लिहायला सांगा.